परका विद्यार्थी आणि विद्यापीठाचें दार

जगांतील अग्रगण्य विद्यापीठांत आपल्या मुलाला प्रवेश मिळण्याचा संभव किती, हा प्रश्न आज आपल्याकडील सुशिक्षित घरांत ज्या कळकळीनें चर्चिला जातो, ती कळकळ पूर्वीं फक्त मुलीच्या विवाहाच्या वाट्याला येत असे. अमुक विद्यापीठ शंभर अर्जदारांतून चार घेतें, तमुक पांच घेतें, हे आंकडे मुलांना तोंडपाठ असतात. आणि वर्गांत नेहमीं वर असणारा आपला मुलगा त्या चारपांचांत सहज बसेल, असा हिशेब आईबाप मनांतल्या मनांत करीत असतात. नकार आला म्हणजे मुलगा खचतो. आपली बुद्धि जगाच्या तराजूंत तोलली गेली आणि हलकी ठरली, अशी त्याची समजूत होते. आणि ती समजूत पुढें कित्येक वर्षें त्याच्या मनांतून जात नाहीं.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो कां चुकीचा आहे हें कळण्यासाठीं गणितापेक्षां इतिहासाचा उपयोग अधिक होतो. छापलेला आंकडा देशी व परदेशी असे सर्व अर्जदार एकत्र मोजून काढलेला असतो; परदेशी विद्यार्थ्याची रांग मात्र निराळी असते. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था दोन्ही रांगांचे आंकडे प्रामाणिकपणें निरनिराळे छापते. त्यांवरून पाहतां परदेशी अर्जदाराला प्रवेश मिळण्याचें प्रमाण देशी अर्जदाराच्या निम्म्याहूनही कमी भरतें. तेथील पहिल्या वर्षाच्या वर्गांत परदेशी विद्यार्थी दहांत सुमारें एक असतो, आणि जगभरांतून अर्ज कितीही आले तरी हें प्रमाण फारसें हलत नाहीं. तराजू आहे खरा. पण त्याच्या अलीकडे एक कुंपण आहे. तें कोणीं व कशासाठीं घातलें, याची हकीकत शेंदीडशें वर्षांची आहे, आणि तींत महाराष्ट्रांतील कांहीं परिचित नांवेंही येतात.

प्रथम ऑक्सफर्ड आणि केंब्रिज हीं दोन विद्यापीठें घेऊं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यांच्या दृष्टीनें परका कोण? हिंदु, मुसलमान किंवा चिनी नव्हे. त्यांचा विचारच कोणाच्या मनांत आलेला नव्हता. परका म्हणजे लंडनांत जन्मलेला ज्यू, लँकेशायरमधला रोमन कॅथलिक, किंवा राजमान्य चर्चच्या बाहेर प्रार्थना करणारा प्रॉटेस्टंट. ऑक्सफर्डमध्यें नांव दाखल होण्याच्या वेळींच विद्यार्थ्याला इंग्लंडच्या चर्चच्या ३९ धर्मकलमांवर सही करावी लागे. केंब्रिजची तऱ्हा अधिक सभ्य आणि म्हणूनच अधिक क्रूर होती. तेथें शिकावयास हरकत नव्हती, परीक्षेस बसावयासही हरकत नव्हती. पदवी घेण्याच्या वेळीं मात्र आपण त्या चर्चचे अनुयायी आहों असें मान्य करावें लागे. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर हा ज्यू तरुण सेंट जॉन्स कॉलेजांत शिकला, १८३७ सालच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत दुसरा आला, आणि पदवीवांचून घरीं गेला. पुढें तो त्या शतकांतील थोर गणितज्ञांत गणला गेला. केंब्रिजनें त्याला पदवी दिली ती १८७२ सालीं, म्हणजे परीक्षेनंतर ३५ वर्षांनीं.

१८५४ च्या कायद्यानें ऑक्सफर्डमध्यें आणि १८५६ च्या कायद्यानें केंब्रिजमध्यें बी. ए. पुरतें हें बंधन सुटलें. आणि १८७१ च्या कायद्यानें धर्मशास्त्राचा विषय वगळतां बाकी पदव्या आणि बहुतेक अधिकारपदें सर्व धर्मांच्या लोकांस मोकळीं झालीं. या कायद्यासाठीं पार्लमेंटांत जे झगडले ते स्वतःच्या मुलांसाठीं झगडणारे इंग्रज होते. कलकत्त्याचा किंवा पुण्याचा मुलगा त्यांच्या डोळ्यांपुढें नव्हता. परंतु कायदा एकदां शब्दांत उतरला म्हणजे करणाऱ्याच्या हेतूपेक्षां त्याचे शब्द बळवत्तर ठरतात. दुसऱ्यासाठीं उघडलेल्या दारांतून आपले लोक आंत गेले. त्याच सुमारास, ऑक्सफर्डनें १८६८ सालीं आणि केंब्रिजनें १८६९ सालीं, कोणत्याही कॉलेजचें सभासदत्व न घेतां विद्यापीठांत शिकण्याची सोय केली. ती सोय इंग्लंडांतील गरिबांसाठीं होती. तिचा लाभ पुढें पुष्कळ भारतीयांनीं घेतला. कॉलेजच्या जेवणाचा व राहण्याचा खर्च त्यांत टळे, आणि एखाद्या कॉलेजप्रमुखाची मर्जी संपादन करण्याचें कामही टळे. आनंदमोहन बोस हे मात्र क्राइस्ट्स कॉलेजचे विद्यार्थी. १८७४ सालीं ते पहिले भारतीय रँग्लर झाले.

यानंतर पंचवीस वर्षांनीं जें घडलें तें मराठी वाचकाला निराळें सांगावयास नको. मुर्डीसारख्या दापोली तालुक्यांतील खेड्यांत जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून केंब्रिजला गेले आणि १८९९ सालीं ट्रायपॉसमध्यें पहिले आले. पेंब्रोक कॉलेजचा बर्टविसल हा या मानांत त्यांचा बरोबरीचा वांटेकरी होता. सीनिअर रँग्लर होण्याचा मान भारतीयाला मिळाला तो प्रथमच. 'रँग्लर' हा शब्द मराठींत त्यानंतर असा रुळला कीं तो परांजप्यांच्या नांवाचाच एक भाग होऊन बसला. ज्यांना ट्रायपॉस म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें अशा आजीबाईसुद्धां रँग्लर म्हणजे काय तें जाणत. परंतु मला या प्रसंगांत अधिक अर्थपूर्ण वाटतें तें एक साम्य. परांजपे ज्या सेंट जॉन्स कॉलेजचे विद्यार्थी, तेंच सिल्व्हेस्टरचें कॉलेज. त्याच कॉलेजांतून एक गणिती आपल्या जन्मधर्मामुळें पदवीवांचून परतला, आणि ६२ वर्षांनीं दुसरा परधर्मी, तोही धर्मावर श्रद्धा नसलेला, पदवी घेऊन १९०१ सालीं तेथील फेलोही झाला.

त्या काळीं ट्रायपॉसच्या उत्तीर्णांचीं नांवें गुणानुक्रमें जाहीर होत; ही चाल १९०९ पर्यंत टिकली. या परीक्षेवर हार्डीसारख्या गणितज्ञांनीं कडक टीका केली आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीनें ती रास्तच होती. घोकंपट्टीच्या शर्यतींत खरें गणित मागें पडतें, हें त्यांचें म्हणणें कोण नाकारील? पण परक्याच्या बाजूनें पाहिल्यास त्या जुन्या, रूक्ष पद्धतींत एक गुण होता. उत्तरपत्रिकेला चेहरा नसतो, तिला आडनांवावरून कुळ विचारतां येत नाहीं, आणि तिच्यांत लिहिलेलें समीकरण बरोबर असलें तर तें कोणीं सोडविलें यानें त्यांत फरक पडत नाहीं. आपल्या लोकांनीं परीक्षेवर जो विश्वास ठेवला, आणि आजही जो अंमळ अंधपणें ठेवतात, त्याचें मूळ येथें आहे.

तथापि परीक्षेच्या या निःपक्षपाती मैदानापर्यंत पोंचावयाचें कसें, हा प्रश्न उरतोच. परांजपे विलायतेस गेले ते हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर, आणि ही शिष्यवृत्ति मिळविणारे सबंध देशांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असत. ती नाकारली म्हणजे काय होतें याचें उदाहरणही महाराष्ट्रांतलेंच आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. गुणांच्या जोरावर त्यांना अशी शिष्यवृत्ति मिळावयास पाहिजे होती. स्त्री म्हणून ती मिळाली नाहीं. मग इंग्लंडांतील कांहीं थोर स्त्रीपुरुषांनीं वर्गणी जमविली, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईही होत्या, आणि १८८९ सालीं सोराबजीबाई ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल हॉलमध्यें दाखल झाल्या. १८९२ सालीं विशेष परवानगी काढून त्यांनीं बी. सी. एल. ही कायद्याची परीक्षा दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाहीं. ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्या देऊं लागलें १९२० सालीं, आणि सोराबजीबाईंच्या हातीं ती आली १९२२ सालीं. सिल्व्हेस्टरची ३५ वर्षें, यांचीं ३०. धर्माचें कुलूप निघालें तेव्हां स्त्रीत्वाचें कुलूप तसेंच होतें.

विसावें शतक उजाडल्यावर विलायतेंत जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या वाढूं लागली. १९०७ च्या सुमारास ती ७०० च्या आसपास होती. आजच्या मानानें हा आंकडा हास्यास्पद वाटेल, परंतु राज्यकर्त्यांच्या कपाळावर आंठ्या उमटविण्यास तो पुरेसा होता. वंगभंगाची चळवळ पेटलेली होती. लंडनांत श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ सालीं इंडिया हाउस उघडलें होतें. आणि हे श्यामजी स्वतः ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे पदवीधर होते, ही गोष्ट इंग्रजांना विशेष झोंबत असली पाहिजे. त्यांची शिवाजी शिष्यवृत्ति घेऊन विनायकराव सावरकर १९०६ सालीं लंडनला गेले. या पार्श्वभूमीवर १९०७ सालीं भारतमंत्री मोर्ले यांनीं सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखालीं भारतीय विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं एक समिति नेमली. ली-वॉर्नर हे मुंबई इलाख्यांत नोकरी केलेले गृहस्थ, आणि सभासदांत कर्झन वायली होते. समितीचा अहवाल गुप्त ठेवण्यांत आला. पुढें १९०९ च्या १ जुलैला मदनलाल धिंग्रा या विद्यार्थ्यानें त्याच कर्झन वायलींना गोळी घातली.

१९०९ सालीं भारतीय विद्यार्थ्यांसाठीं लंडनांत एक शिक्षण-सल्लागार नेमला गेला. अलीगढ व लाहोर येथें अध्यापन केलेले टी. डब्ल्यू. आर्नोल्ड हे विद्वान् गृहस्थ या जागीं आले. भारतांतही प्रांतोप्रांतीं सल्लागार मंडळें झालीं. हेतु विद्यार्थ्यांना माहिती व मदत देण्याचा, असें सांगितलें गेलें, आणि ती मदत कित्येकांना झालीही. परंतु विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेशेजारीं त्याच्या वर्तनाचा व घराण्याचा दाखला येऊन बसला तो याच काळांत, आणि ही मदत नसून पाळत आहे असा संशय विद्यार्थ्यांच्या मनांत अखेरपर्यंत राहिला. परीक्षेची उत्तरपत्रिका तपासणारा अनोळखी होता; हा दाखला देणारा मात्र ओळखीचा, आणि बहुधा सरकारी अंमलदार होता.

याहून सूक्ष्म अडथळा कॉलेजांच्या आंत होता. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्यें विद्यार्थी निवडण्याचा अधिकार विद्यापीठाकडे नसून एकेका कॉलेजकडे असतो. प्रत्येक कॉलेजनें भारतीयांसाठीं आपल्यापुरती एक लहानशी संख्या मनाशीं धरावी, दोनचारांची, आणि ती भरली कीं पुढच्या अर्जदाराला नम्र शब्दांत नकार द्यावा, असा प्रघात पडत गेला. ही संख्या नियमांत लिहिलेली नसे. नाकारलेल्या मुलाला आपण कमी पडलों कीं जागा भरल्या, हें कळण्यास मार्ग नसे. आंत गेलेल्यालाही विद्यार्थ्यांच्या लष्करी शिक्षणाच्या पथकाचें दार बंद असे. १९२१ सालीं लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरी समिति नेमली गेली, तिनें विद्यार्थ्यांच्या साक्षी घेतल्या, आणि १९२२ सालीं तिचा अहवाल निघाला तेव्हां त्याच्या परिशिष्टांत ली-वॉर्नर समितीचा तो गुप्त अहवालही छापला गेला. पंधरा वर्षांपूर्वीं आपल्याविषयीं काय लिहून ठेवलें होतें तें विद्यार्थ्यांना तेव्हां वाचावयास मिळालें. त्यांतले बहुतेक तोंपर्यंत वकील, न्यायाधीश किंवा तुरुंगवासी झालेले होते.

या सर्व प्रकारांत मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते ती मर्यादा नव्हे, तर तिची अदृश्यता. कोणतीही संस्था आपल्या जागा कोणाला द्यावयाच्या हें ठरवूं शकते. परंतु तें लिहून ठेवावें, म्हणजे बाहेरच्याला निदान आपण कशाशीं झुंजत आहों हें समजतें. सभ्यपणाच्या पत्रानें दिलेला नकार घेणाराला स्वतःच्याच योग्यतेविषयीं शंका घ्यावयास लावतो.

रामानुजन् यांचें उदाहरण या नियमाला अपवाद म्हणून सांगतात. मला तें नियमाची दुसरी बाजू वाटतें. एफ. ए. च्या परीक्षेंत जो मद्रासला नापास होतो तो केंब्रिजच्या दारांत उभाही राहूं शकला नसता. १९१३ च्या जानेवारींत त्यानें हार्डीला लिहिलेलें पत्र आंतल्या एका माणसाला पटलें, मद्रास विद्यापीठानें पैसे दिले, आणि १९१४ सालीं तो ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला. १९१६ सालीं त्याला संशोधनावर बी. ए. मिळाली आणि १९१८ सालीं तो रॉयल सोसायटीचा व ट्रिनिटीचा फेलो झाला. प्रमाणपत्राच्या जोडीला आंतून हात देणारा असला म्हणजे प्रमाणपत्राचीच गरज उरत नाहीं. असे हार्डी शतकांत किती?

अमेरिकेचा रस्ता आरंभापासूनच पत्रांचा होता. गोपाळराव जोश्यांचें पत्र एका मिशनरी मासिकांत छापलें जावें, तें न्यू जर्सींतील कार्पेंटरबाईंच्या दृष्टीस पडावें, आणि त्यांतून आनंदीबाई १८८३ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पोंचून १८८६ सालीं डॉक्टर व्हाव्या, ही कथा आपल्या घरोघरीं सांगितली गेली आहे. तीस वर्षांनंतर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, आणि परत येऊन बडोदें संस्थानची नोकरी करण्याचा करार. कोलंबियानें त्यांना घेण्यांत कांहीं आढेवेढे घेतल्याचें दिसत नाहीं. त्यांची खरी अडचण दारापाशीं नव्हतीच. १९१६ सालीं ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले आणि १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपतांच अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. मुंबईंत नोकरी करून, पैसे सांठवून, शाहू महाराजांचें साहाय्य व एका पारशी मित्राचें कर्ज घेऊन ते १९२० सालीं पुन्हां गेले आणि १९२३ सालीं डी. एस्‌सी. झाले. कोलंबियाची पीएच्. डी. प्रत्यक्ष हातीं आली ती १९२७ सालीं, प्रबंध पुस्तकरूपानें छापून झाल्यावर.

याच कोलंबियांत, प्रोफेसर जॉन ड्युई यांच्याच हाताखालीं, त्याच सुमारास एक चिनी विद्यार्थी शिकत होता. हू श्ह हें त्याचें नांव. पुढें चीनच्या नव्या वाङ्मयीन चळवळीचा तो अग्रणी झाला. तो अमेरिकेस गेला तो कसा? बॉक्सर बंडानंतर चीनवर लादलेल्या खंडणीचा कांहीं भाग अमेरिकेनें परत केला, त्यांतून शिष्यवृत्त्या निघाल्या, आणि १९०९ पासून पेकिंगमध्यें स्पर्धापरीक्षा घेऊन विद्यार्थी निवडले जाऊं लागले. हू १९१० च्या परीक्षेंत निवडला गेला. एका देशानें अपमानाच्या पैशांतून का होईना, पण आपल्या मुलांसाठीं एक रांग उभी केली. आपल्याकडे रांग नव्हती. एक महाराज होते, एक दानशूर होते. जमशेटजी टाटांनीं १८९२ सालीं उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जाणारांना कर्जरूपानें साहाय्य देणारा निधि स्थापिला, तो आजही चालू आहे. या औदार्याबद्दल कृतज्ञ असावें, परंतु आंबेडकरांसारख्या माणसाचें शिक्षण एखाद्या राजाच्या गुणग्राहकतेवर अवलंबून असावें, ही कांहीं निश्चिंत होण्यासारखी व्यवस्था नव्हे.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी हा लेख मुख्यतः हातीं घेतला तिच्याकडे वळतों. अमेरिकन विद्यापीठांचा आजचा प्रवेश-अर्ज आपल्या मुलांना फार आधुनिक आणि उदार वाटतो. त्यांत गुणांबरोबर निबंध असतो, शिक्षकांचीं शिफारसपत्रें असतात, मुलाखत असते, खेळ, संगीत आणि समाजसेवा यांची चौकशी असते. संपूर्ण माणसाचा विचार केला जातो, असें आपणांस सांगितलें जातें. हा अर्ज जन्मला कसा? १९०० च्या सुमारास हार्वर्डमध्यें ज्यू विद्यार्थी शंभरांत सात होते. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास प्रवेश, असा नियम असल्यामुळें १९२२ पर्यंत ते वीसांवर गेले. हीं मुलें बहुतेक पूर्व युरोपांतून आलेल्या गरीब निर्वासितांचीं होतीं. अध्यक्ष लॉवेल यांनीं त्या सालीं ज्यूंवर उघड टक्केवारीची मर्यादा घालण्याची सूचना केली. मोठा गवगवा झाला, आणि १९२३ सालीं प्राध्यापकांच्या समितीनें ती फेटाळली. पण १९२६ सालीं पहिल्या वर्षाच्या वर्गाची संख्या १,००० वर बांधण्यांत आली, आणि निवडींत 'शील' व 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन देण्याचें ठरलें. अर्जासोबत छायाचित्रही मागितलें जाऊं लागलें. शील मोजण्याचें माप कोणापाशीं आहे? ज्यूंचें प्रमाण थोड्याच वर्षांत दहा-पंधरा टक्क्यांवर उतरलें, आणि तें कोणत्या नियमानें उतरलें हें कोणालाही बोट ठेवून दाखवितां येईना. कोलंबियानें अर्जांत धर्म आणि वडिलांचें जन्मस्थान विचारावयास याच्याही आधीं सुरुवात केली होती. दूरदूरच्या राज्यांतील मुलें यावींत म्हणून भौगोलिक वांटणीचें तत्त्वही याच काळांत पुढें आलें. न्यूयॉर्कचा गरीब ज्यू त्यानें आपोआप मागें पडे.

उघड मर्यादा नाकारली गेली आणि अदृश्य मर्यादा शिल्लक राहिली. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांनीं जें पत्रांतून साधलें तेंच अमेरिकेनें छापील नमुन्यांतून साधलें. पुढें हेतु बदलले. महायुद्धानंतर याच साधनांचा उपयोग कृष्णवर्णीयांना व गरिबांना आंत घेण्यासाठीं झाला, हें सांगणें न्यायाचें होईल. परंतु साधन तेंच राहिलें. दरवर्षीं माझ्याकडे विद्यार्थी शिफारसपत्रासाठीं येतात. त्या नमुन्यांत त्यांच्या 'नेतृत्वगुणां'ना प्रतवारी लावावयाची असते. अठरा वर्षांच्या, वडीलधाऱ्यांपुढें मान खालीं घालून उभें राहण्याची संवय लागलेल्या मराठी मुलाच्या नेतृत्वगुणांची प्रत लावतांना माझी लेखणी नेहमीं अडखळते. हा प्रश्न पहिल्यानें कोणत्या मुलांना वगळण्यासाठीं विचारला गेला होता, हें मला त्या वेळीं आठवतें.

गंमतीची गोष्ट अशी कीं नेमक्या याच वर्षांत दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्यें शिकत होते, आणि १९२९ सालीं ते सर्वोच्च सन्मानानें पदवीधर झाले. पण त्यांचे वडील धर्मानंद हे हार्वर्डमध्यें पालि ग्रंथांच्या संपादनासाठीं गेलेले, आणि मुलाचें शालेय शिक्षण त्याच गांवच्या हायस्कुलांत झालेलें. परदेशी रांगेंतून ते आलेच नव्हते. गोव्यांतून थेट अर्ज करणाऱ्या मुलाचें काय झालें असतें, तें सांगतां येत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पैशाचें कुलूप पुढें आलें. ब्रिटननें १९६७ पासून परदेशी विद्यार्थ्यांना देशी विद्यार्थ्यांहून अधिक शुल्क लावलें आणि १९८० पासून शिक्षणाचा संपूर्ण खर्च त्यांच्याकडून घेण्याचें धोरण धरलें. परिणाम चमत्कारिक झाला. जो परका पूर्वीं संख्येनें नको असे तोच आतां शुल्कासाठीं हवासा झाला. मात्र जेथें सरकारचा पैसा गुंतलेला आहे तेथें कुंपण राहिलें. इंग्लंडांतील वैद्यकीय शाळांत परदेशी विद्यार्थ्यांचें प्रमाण साडेसात टक्क्यांपर्यंत ठेवण्याचा दंडक आहे. तो छापलेला आहे, एवढी त्याची स्तुति करावी लागेल. अमेरिकेंत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम. आय. टी. आणि ॲमहर्स्ट यांसारख्या मोजक्याच संस्था परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहतां निवड करतात आणि निवडलेल्यास लागेल तेवढें साहाय्य देतात. बाकी बहुतेक ठिकाणीं, ज्याला साहाय्य हवें त्याचा अर्ज त्या मागणीमुळेंच मागें पडूं शकतो. तशी कबुली त्या संस्था स्वतःच देतात. म्हणजे एकाच विद्यापीठांत तेवढ्याच गुणांच्या दोन मराठी मुलांचा संभव एकसारखा नसतो: एकाच्या वडिलांचें बांधकामाचें दुकान जोरांत असतें आणि दुसऱ्याचे वडील शाळामास्तर असतात. छापलेल्या चार टक्क्यांचा या दोघांपैकीं कोणाशींही संबंध नाहीं.

ली-वॉर्नर यांच्या काळाची आठवण व्हावी असाही एक प्रसंग अलीकडे घडला. २०२५ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या सरकारनें हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेण्याचा हुकूम काढला. न्यायालयानें दुसऱ्याच दिवशीं त्याला तात्पुरती स्थगिति दिली. जे विद्यार्थी परीक्षा, निबंध, मुलाखत आणि पैसा हीं सारीं दारें ओलांडून आंत बसले होते, त्यांना त्या एका दिवसांत कळलें कीं आपल्या मागें आणखी एक दार होतें आणि त्याची किल्ली विद्यापीठापाशीं नव्हती. १९०७ सालीं लंडनांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हें कळावयास पंधरा वर्षें लागलीं होतीं.

हें सर्व लिहितांना आपलें स्वतःचें दार विसरून चालणार नाहीं. आपल्या आय. आय. टी. संस्थांत परदेशी नागरिकांसाठीं ठरीव जागांच्या वर जास्तींत जास्त दहा टक्के जागा ठेवलेल्या आहेत, आणि त्यांच्याकडून शुल्कही अधिक घेतलें जातें. देशी मुलांच्या जागा कमी होऊं नयेत, हें कारण सांगितलें जातें. हार्वर्डचे व केंब्रिजचे लोक याहून निराळें काय सांगत होते? पुण्यांत गेल्या कित्येक दशकांत इराण, अफगाणिस्तान, केनिया, येमेन अशा देशांतून हजारों विद्यार्थी येऊन शिकून गेले. घर भाड्यानें मिळवितांना त्यांना कोणकोणते प्रश्न विचारले गेले, परवान्यासाठीं पोलिसकचेरीच्या किती फेऱ्या झाल्या, कोणत्या महाविद्यालयानें त्यांच्या संख्येस मनांतल्या मनांत कोणती मर्यादा घातली, याचा इतिहास कोणीं लिहिलेला माझ्या पाहण्यांत नाहीं. २०२१ च्या ऑगस्टमध्यें काबूल पडलें तेव्हां येथील अफगाण विद्यार्थ्यांपुढें व्हिसाची मुदत, पुढच्या सत्राचें शुल्क आणि परतीचा बंद झालेला रस्ता, हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहिले. त्यांनीं त्या वेळीं मुदतवाढीसाठीं केलेले अर्ज आपल्याच शहरांतल्या कचेऱ्यांत पडून असतील.